उतरलेली माती

कुणाचंच म्हणणं कुणाला पटलं नाही, म्हणून शेवटी खड्डा खणायचं ठरलं.

त्याआधी सकाळभर थोरल्यांच्या घरी बोलणं चाललं होतं. स्वयंपाकघराला लागून एक लांबट खोली होती. तिथे टेबलाभोवती थोरले, त्यांचा मुलगा, धाकटे, धाकट्यांची सून आणि या दोघा भावांची बहीण बसले होते. बहिणीला सगळं घर आत्या म्हणत असे. मागच्या खिडकीतून घळ दिसत होती. खिडकीकडे पाठ करायला कुणी धजत नव्हतं आणि तिकडे बघायचंही कुणाला नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्याच खुर्च्या वाकड्या लागल्या होत्या.

गेल्या पावसात घळ घरापर्यंत आली होती. वरच्या रानाचा कडा पोखरत ती मागच्या भिंतीपासून एखादा ट्रक जेमतेम वळेल एवढ्या अंतरावर थांबली होती. थांबली होती म्हणजे पाऊस थांबला म्हणून थांबली होती. तिच्या तळाशी उभं राहिलेलं मोठं माणूस वरून लहान मुलाएवढं दिसे. आता काही केलं नाही तर यंदा ती स्वयंपाकघरात शिरणार, हे थोरल्यांनाही कबूल होतं. वाद होता तो काय करायचं यावर.

धाकट्यांच्या सुनेचं हेच काम होतं. माती वाहून जाणाऱ्या डोंगरांचे आराखडे करायचे, ते लोकांना समजवायचे आणि लोक चिडले की त्यांचं निमूट ऐकून घ्यायचं. परक्यांचं चिडणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. या वेळी मात्र डोंगर सासरचा होता. तिने टेबलावर नकाशा पसरला आणि शांतपणे सांगितलं, की सगळ्यात वरचा, सगळ्यात उभा तुकडा नांगरणं बंद करावं लागेल. तिथे गवत आणि झाडं लावायची. त्याखाली उताराला आडवे, एका पातळीत जाणारे बांध घालायचे. घळीत दगडी आडभिंती बांधायच्या. एवढं करूनही जे पाणी उरेल ते गवत लावलेल्या रुंद पाटातून सावकाश खाली न्यायचं. तो पाट धाकट्यांच्या रानाच्या ऐन मधून जाणार होता.

वरचा तुकडा थोरल्यांचा, खालचं रान धाकट्यांचं. एकाच नकाशात तिने दोघांनाही दुखावलं होतं.

थोरल्यांना वाटलं, ही बारक्याची सून, बारक्याच्या फायद्याचंच बोलणार. (धाकट्यांना घरात बारक्या म्हणत. दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागे, तरी ते बारक्याच राहिले होते.) आपल्या हातून नांगर काढून घ्यायचा आणि आपल्याला गवत वाढताना बघत बसवायचं, हा त्यांना त्या नकाशाचा सरळ अर्थ दिसत होता. धाकट्यांना वाटलं, सून आपली आणि कापतेय आपल्यालाच. त्यांच्या रानातला सगळ्यात सुपीक पट्टा तिने हिरव्या पेन्सिलीने रंगवून टाकला होता. थोरल्यांचा मुलगा खोदाईचं मशीन चालवायचा, घरात त्याला मशीनवाला म्हणत. त्याचं म्हणणं असं की पाट कशाला आणि गवत कशाला, वरून खालपर्यंत सिमेंटची सरळ नाली काढू, पाणी एका दमात निघून जाईल. हे तो बोलला आणि मग एकदम गप्प झाला. काही वर्षांपूर्वी पाणी लवकर निघून जावं म्हणून त्यानेच वरून खालपर्यंत सरळ चर मारला होता आणि त्या चराचीच पुढे घळ झाली होती. सगळ्यांना ते माहीत होतं. कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आत्या सकाळी आली ती थोरल्यांच्या बाजूने. म्हातारपणी माणसाचं रान काढून घेऊ नये, असं तिचं मत होतं. ती जन्मभर इस्पितळात नर्स होती आणि कुठल्याही भांडणात आधी कुणाला जास्त लागलंय ते बघायची. पण दुपार होईपर्यंत ती डळमळली होती, कारण थोरले एकसारखे मूळ मुद्द्यावरून घसरत होते. त्यांच्या मनात घळ नव्हतीच. वेगळंच काहीतरी होतं, आणि ते कित्येक वर्षांपासून होतं.

शेवटी ते बाहेर पडलं.

"तुझ्या रानात माझी माती आहे," थोरले धाकट्यांकडे न बघता म्हणाले.

 वडिलांनी वाटणी केली तेव्हा निवड थोरल्यांना पहिली दिली होती. त्यांनी वरचं रान घेतलं. तेव्हा वरची जमीन काळीभोर होती आणि खाली नुसती दगडगोट्यांची खचखच. धाकट्याच्या वाट्याला धोंडे आले, असं लोक हळहळून म्हणायचे. धाकट्यांनी कुरकुर न करता ते धोंडे वेचायला घेतले. मग वर्षामागून वर्षं पाऊस पडत गेला. वरचं रान फिकट होत गेलं, मग तांबूस, मग मुरमाड. खालचं भरत गेलं, गडद होत गेलं. धाकट्यांचे बटाटे मुठीत मावेनासे झाले आणि थोरल्यांचा मका कमरेच्या वर जाईना. कुणी कुणाचं काही घेतलं नव्हतं, तरी एका भावाचं दुसऱ्याकडे गेलं होतं. त्याची तक्रार करायची तर कुणाकडे, हे थोरल्यांना कधी सुचलं नाही. त्यांनी फक्त खालच्या रानात पाऊल टाकणं बंद केलं.

धाकटे बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग ने परत."

आवाज चढला नव्हता, पण आत्या उठलीच. तिने सुनेला विचारलं, की मघाशी तू म्हणालीस ना, पाटाच्या तोंडाशी भिंत घालायची तर खाली किती गाळ साचलाय ते खणून बघावं लागेल? सून हो म्हणाली. खालच्या रानात, अगदी दोघांच्या हद्दीवरच्या बांधाजवळ, एक तपासणीचा खड्डा घ्यायचाच होता.

"मग आत्ताच घ्या," आत्या म्हणाली. "पोट उघडून बघितल्याशिवाय हे दोघं गप्प बसणार नाहीत."

*

मशीनवाल्याने मशीन खाली नेलं. उन्हात पिवळा हात वर जायचा, खाली यायचा, आणि ओल्या मातीचा वास सगळीकडे पसरायचा. सुनेने खड्ड्याच्या एका बाजूला पायऱ्या ठेवायला सांगितल्या होत्या. समोरची बाजू तिला सरळ, तासल्यासारखी हवी होती. सासऱ्यांचे बटाटे त्या जागी नुकतेच काढून झाले होते, तरी पहिला घास उचलला गेला तेव्हा धाकट्यांनी मान फिरवली.

खड्डा छातीएवढा झाल्यावर सून आत उतरली आणि खुरप्याने समोरची बाजू साफ करू लागली. असे खड्डे तिने खूप पाहिले होते. काय दिसणार याची तिला कल्पना होती. वर भुरकट माती, खाली गाळ, त्याखाली दगड. पण खुरप्याखाली एकेक पट्टा उघडा होत गेला तसा तिचा हात मंदावला.

सगळ्यात वर बोटभर जाडीचा फिकट मुरूम होता, गेल्या पावसाचा. त्याखाली वीतभर तांबडी माती. तिच्याखाली मात्र रंग एकदम बदलत होता. काळी, गच्च, हातात घेतली तर दाण्यादाण्यांनी सुटणारी माती, जवळजवळ हातभर जाड. डोंगरावर काळी माती वर असते, तिच्याखाली तांबडी, त्याखाली मुरूम. इथे सगळं उलटं होतं. पावसाने आधी वरचा थर आणून टाकला, मग त्याच्याखालचा, मग त्याच्याही खालचा. थोरल्यांचं सगळं रान, आयुष्यभराचं, पालथं होऊन इथे निजलं होतं.

तिने वर बघितलं. काठावर चारही माणसं उभी होती. तिने फार स्पष्टीकरण दिलं नाही. एवढंच सांगितलं, की दादा, तुम्ही खाली या. थोरल्यांना सगळे दादाच म्हणत, त्यांचा मुलगासुद्धा.

कित्येक वर्षांत थोरले प्रथमच त्या रानात उतरले, तेही थेट पोटात. पायऱ्या निसरड्या होत्या. धाकट्यांनी हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही, पण नाकारलाही नाही. आत्याच्या खांद्याला धरून ते उतरले. सुनेने बोटाने दाखवलं तिथे त्यांनी हात लावला. काळ्या थरात त्यांची बोटं पेराएवढी आत गेली.

ही माती त्यांच्या ओळखीची होती. लहानपणी वरच्या रानात अनवाणी पळताना टाच रुतायची ती हिच्यातच. उन्हाळ्यात ती वरून तापायची आणि खाली गार असायची. आपण तिच्यावर बसून मुळे उपटून खाल्ले आहेत, हे त्यांना स्पष्ट आठवलं. त्यांनी चिमूटभर नाकाशी नेली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ही समोर दिसली की आपण बारक्याला म्हणू, बघ. आता ती समोर होती, हातभर जाड, आणि हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. ती इतकी जास्त होती. एका माणसाच्या तक्रारीत मावण्यापेक्षा कितीतरी जास्त.

"सगळी इथे आहे," ते एवढंच म्हणाले.

धाकटे काठावर गुडघे टेकून बसले होते. त्यांचं लक्ष काळ्या पट्ट्याकडे नव्हतंच. ते सगळ्यात वरच्या फिकट बोटभर थराकडे बघत होते. त्यांनी सुनेला विचारलं, की हे नवीन, हे पुढेही असंच येत राहणार का? ती म्हणाली, आता वर काळी राहिली नाही, तांबडीही संपत आली. इथून पुढे येईल ते हेच येईल. मुरूम आणि गोटे.

"म्हणजे माझी चांगली माती खाली गाडली जातेय."

सून म्हणाली, "हो."

धाकट्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, पण दर पावसानंतर रान थोडं वर आलेलं पाहून त्यांना आतून बरं वाटायचं. लाजही वाटायची, पण बरं जास्त वाटायचं. डोंगर आपल्याला देतोय, असं ते मनाशी म्हणायचे. आता डोंगराजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. त्यांनी मान वर करून उताराकडे पाहिलं. उन्हात वरचं रान हाडासारखं पांढरं दिसत होतं.

*

खड्डा तिथेच थांबला असता. पण भिंतीच्या पायासाठी दगडांचा थर किती जाड आहे ते बघणं सुनेला भाग होतं, म्हणून तिने आणखी खोल घ्यायला सांगितलं. काळ्याखाली गोटे लागले. हेच ते धोंडे, वाटणीच्या वेळचे. धाकट्यांनी त्यातला एक उचलून हातात फिरवला, जुना ओळखीचा भेटावा तसा. त्यांनी वेचून टाकलेल्यांचे हे भाऊबंद.

गोट्यांचा थर संपला तेव्हा मशीनवाल्याला वाटलं, आता कातळ लागेल. मशीनच्या बादलीने पुढचा घास घेतला आणि तो काळा निघाला.

सुनेला आधी वाटलं, वरून ढासळलं असेल. तिने मशीन थांबवलं, खाली उतरून बघितलं. ढासळलेलं नव्हतं. दगडांच्या खाली पुन्हा माती होती. काळी, घट्ट, वरच्यापेक्षाही गडद. आणि त्या मातीत, तिच्या पावलापासून जरा पलीकडे, बादलीचा दात एका दगडावर खरडला होता. त्या दगडाशेजारी दुसरा दगड होता. त्याच्याशेजारी तिसरा. तिघांचे माथे एका ओळीत होते.

मशीनवाला मशीनवरून उतरला. त्याने बंद केलेल्या इंजिनाची धडधड विरेपर्यंत सगळे उभे होते. मग तो फावडं घेऊन आत गेला, थोड्या वेळाने फावडंही ठेवलं आणि हातांनी माती काढू लागला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. दगडावर दगड बसवलेला होता. मधल्या फटीत चपट्या चिपा ठोकलेल्या होत्या. भिंत होती. उताराला आडवी, जरा मागे कललेली, मातीला पाठीवर घेतल्यासारखी.

"ही कुणी घातली?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. घराण्याचा इतिहास त्यांच्याकडे असे. आपल्या आजोबांच्या वडिलांनी या डोंगरावर पहिल्यांदा कुऱ्हाड चालवली, त्याआधी इथे माणसाचा पाय लागला नव्हता, ही गोष्ट या घरातल्या प्रत्येक मुलाने त्यांच्या तोंडून ऐकली होती. मूळपुरुषाने दाट जंगल तोडून रान काढलं. हा डोंगर आपणच जमीन केला.

 थोरले भिंतीजवळ गेले आणि एका चिपेवर अंगठा ठेवला. चीप ठोकणाऱ्याने ती तोंडाकडून निमुळती घेतली होती, म्हणजे घट्ट बसावी. ते स्वतःही तशीच घ्यायचे.

सून बोलू लागली तेव्हा तिचा आवाज कामावरचा राहिला नव्हता. ती म्हणाली, की ही भिंत या दगडांच्या थराखाली आहे, म्हणजे दगड नंतर आले. कुणीतरी इथे शेती करत होतं. त्यांनीही डोंगर वरपर्यंत नांगरला असणार. त्यांचीही माती खाली आली, मग मुरूम आला, मग गोटे आले. गोट्यांनी सगळं झाकून टाकलं आणि ते गेले. नंतर डोंगर पडून राहिला. त्यावर झाडं आली, पानं कुजली, पुन्हा माती झाली. बोटभर माती व्हायला कित्येक पिढ्या जातात. वर डोंगरावर पुन्हा हातभर झाली होती, तेव्हा आपली माणसं आली.

"जंगल तोडलं ते," थोरले सावकाश म्हणाले.

"ते जंगल त्यांच्या रानावर वाढलेलं होतं, दादा."

वारा पडला होता. काठावरची ढेकळं मधूनच सुटून खाली पडत होती, तेवढाच आवाज. आत्याला आपण कुठल्या तरी मोठ्या शरीरात डोकावतोय असं वाटलं. इस्पितळात इतक्या वर्षांत तिने किती पोटं उघडी पाहिली, पण तिथे असलेलं सगळं तिला नावानिशी माहीत असायचं. इथे ती नुसतीच बघत राहिली. आपल्या आईवडिलांच्याही आधी, त्यांच्याही आधी, कुणीतरी इथे वाकून दगड रचत होतं. त्याची पाठ दुखली असेल. त्याला कुणीतरी जेवायला हाक मारली असेल.

सून आणखी एक गोष्ट बघत होती, ती तिने सगळ्यात शेवटी सांगितली. नव्या बांधासाठी तिने आदल्या दिवशी पाण्याच्या नळीने पातळी काढून खुंट्या मारल्या होत्या. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी जिथे सारखं उभं राहील, ती रेष. त्या खुंट्यांची रांग खड्ड्याच्या वरून जात होती. भिंत खाली, खुंट्या वर, मध्ये एवढी माती, आणि दोन्ही रेषा एकाच बाजूला, एकाच बाकाने वळत होत्या.

"त्यांनाही पाण्यानेच सांगितलं असणार," ती म्हणाली.

*

पुढचे काही दिवस कुणी नकाशाचं नावच काढलं नाही. भिंतीच्या मागे लागले सगळे. मशीनवाला वरची माती मशीनने बाजूला करायचा आणि भिंतीजवळ आलं की फावड्यावर यायचा. धाकट्यांचं रान उकरलं जात होतं, आणि आणखी उकर, असं तेच सांगत होते. थोरले सकाळी सगळ्यांच्या आधी खाली हजर असत. त्यांनी बसायला एक उलटी बादली शोधून काढली होती.

भिंत घळीच्या तोंडाकडे जात होती आणि तिथेच ती तुटलेली सापडली. बरोबर त्याच जागी, जिथून आजही पाणी घुसत होतं. तुटक्या भागातले दगड खाली विखुरलेले होते, जसे पाण्याने फेकले तसेच. पण एका बाजूने दुरुस्ती सुरू केलेली दिसत होती. मूळ रचनेपेक्षा घाईची, चिपा न ठोकलेली, तरी रचलेली. थोडं अंतर ती आली होती आणि तिथेच संपली होती. दुसऱ्या बाजूने कुणी दगड लावलेला नव्हता.

आत्या त्या जागेपाशी वाकून बराच वेळ बघत होती.

"एकाच बाजूने टाके घातलेत," ती म्हणाली, आणि चहा आणायला वर निघून गेली.

दोघे भाऊ तिथे राहिले. सून पलीकडे मोजमाप घेत होती, तिला ऐकू जात होतं, पण तिने मान वर केली नाही.

थोरले म्हणाले, की मी सगळ्यांना सांगत आलो, हे रान आपण काढलं. धाकटे म्हणाले, मीही तेच सांगत आलो. मग थोरल्यांनी सुनेला हाक मारली आणि विचारलं, वरचा तुकडा सोडायचा तो किती वर्षं? गवत धरलं, माती जरा सावरली, की पुन्हा नांगरता येईल ना?

ती खोटं बोलू शकली असती. असं मोघम उत्तर दिलं की लोक तयार होतात, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "नाही, दादा. कायमचं."

"म्हणजे माझ्या नातवंडांनाही नाही."

"त्यांना तिथली झाडं मिळतील. चारा मिळेल. नांगर नाही."

थोरल्यांनी वर पाहिलं. त्यांचं घर तिथे घळीच्या काठावर उन्हात उभं होतं, छपराचा पत्रा चमकत होता. त्यांना रागवायचं होतं, पण राग धरायला जागाच सापडेना. तो तुकडा आपला, असं म्हणताना आता त्यांच्या डोळ्यांपुढे तो अनोळखी माणूस येत होता, घाईघाईने दगड लावणारा. त्यालाही तो तुकडा आपलाच वाटला असणार.

"सोडतो," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पण मी करू काय? मला बसून राहता येत नाही."

धाकट्यांनी हातातली माती झटकली. वाटणी झाल्यापासून त्यांनी थोरल्यांना कधी कसला सल्ला दिला नव्हता, आणि आता बोलायचं कसं हे त्यांना नीटसं जमत नव्हतं.

"माती तुझीच आहे म्हणालास ना," ते म्हणाले. "मग तू ये खाली."

"आणि तुझा पट्टा? पाटात जाईल तो."

"जाऊ दे. उरेल ते दोघांना पुरेल."

थोरल्यांना हसू आलं. ते त्यांनी दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. बटाटे कसे लावायचे ते मात्र मी सांगेन, तू नाही, असं ते म्हणाले. धाकटे म्हणाले, तुझा मका बघितलाय मी. एवढ्यावर दोघांचं भांडण जुंपलं आणि चहा घेऊन आलेल्या आत्याला वरूनच कळलं की प्रकरण मिटलं.

*

मग काम सुरू झालं ते पाऊस येईपर्यंत थांबलं नाही. नवी भिंत जुन्या भिंतीवरच उभी राहिली. पाया एवढा पक्का असताना दुसरा शोधायचा कशाला, असं मशीनवाला म्हणाला, आणि तुटलेल्या जागी त्याने स्वतः हातांनी दगड बसवले, दोन्ही बाजूंनी, एकही चीप न चुकवता. आपल्या जुन्या चराबद्दल तो तेव्हाही काही बोलला नाही. घळीत वरपासून खालपर्यंत आडभिंती घातल्या. बांधांवर आणि पाटात गवताचे ठोंब लावले. सून संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या नखांत माती असायची आणि सासरे तिला आधी पाणी द्यायचे, मग दिवसभरात तिने काय चुकवलं ते सांगायचे.

पाऊस आला तो चांगलाच आला. दुपारीच अंधारून आलं आणि समोरचं काही दिसेनासं झालं. थोरले घरात थांबले नाहीत. आत्या ओरडत राहिली, ते टोपी घालून बाहेर पडले आणि घळीच्या काठाने खाली निघाले. मधल्या एका बांधाचं टोक फुटलं होतं, मशीनवाला आणि सून तिथे फावडी घेऊन धडपडत होते. बाकीचे बांध भरून उभे होते. एकाखाली एक, लांबच लांब, आडवी पाण्याची पानं, डोंगराचा बाक धरून वळलेली. आजवर डोंगरावर पाणी उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी पळताना पाहिलं होतं. पावसात तसेच उभे राहून ते बघत राहिले. इतकं पाणी, आणि त्याला कुठे जायची घाई नव्हती.

धाकटे पाटात उभे होते, घोट्याएवढ्या पाण्यात. गवत एका दिशेला लवून वाहत होतं, मुळं जागच्या जागी. थोरले त्यांच्याजवळ गेले, त्यांनीही पाय पाण्यात घातले आणि थोडा वेळ वाट बघितली.

"ओढत नाही," ते म्हणाले.

"नाही ओढत," धाकटे म्हणाले.

पाऊस ओसरल्यावर दोघे भिंतीशी गेले. मागे तुंबलेलं पाणी दगडांमधून झिरपून हळूहळू उतरत होतं. ते जवळजवळ उतरलं तेव्हा तळाशी मातीची साय धरलेली दिसली. नखाएवढीही जाड नसेल. ओली, चकचकीत, कुणाचाही पाय न लागलेली. ती वरच्या रानातून आली होती आणि भिंतीशीच थांबली होती, पलीकडे खालचं रान होतं.

थोरले खाली बसले. त्यांनी बोट पुढे नेलं आणि तिला लावण्याआधीच थांबवलं. वारा आला तशी तिच्यावरच्या पुसटशा पाण्यावर एक बारीक लहर उमटली आणि पुन्हा सपाट झाली. धाकटे त्यांच्याशेजारी वाकले. कुणीच तिला हात लावला नाही.